मागं कोण राहिलं

कुणी शिकून पुढं गेलं की गावात सत्कार होतो आणि सत्कारात जिद्दीवर भाषण होतं. माझ्याही वाट्याला ते आलं. ऊसतोड कामगाराचा पोरगा जिद्दीनं कॉलेजात गेला, असं वक्ते सांगत होते, आणि मला माझी थोरली बहीण, अक्का, आठवत होती.

आमचा पाथर्डी तालुका कमी पावसाचा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. याच जिल्ह्यात, उत्तरेला लोणीजवळ, 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तिकडं पाटाचं पाणी आणि ऊस, इकडं तो तोडणारे हात.

हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचं दुसरं सत्र त्यातच येतं, दहावी-बारावीची परीक्षाही. पोराचं सगळं ज्या दिवसांवर ठरतं, त्या दिवसांत आईबाप कुठल्यातरी फडावर, कोपीत. अंधार असतानाच तोड सुरू होते, मग मोळ्या बांधायच्या, आणि रात्री-बेरात्री गाडी आली की उठून ती भरायची. पोर बरोबर नेलं तर शाळा बुडते. मागं ठेवायचं, तर कुणाजवळ?

मला आजीजवळ ठेवलं. तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती गावात राहिली. तिच्या दुखण्यानं माझी शाळा वाचली. धाकटा भाऊ अंगावर पिणारा होता. आई तोडीला वाकली की त्याला सांभाळायला, पाणी आणायला, भाकरी थापायला कुणीतरी हवं होतं. अक्का गेली. ती सहावीत होती, माझ्यापेक्षा हुशार. पाढे मला तिनंच शिकवले. परतली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षीही गेली. मग लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिचाही कोयता झाला. उचल जोडीला मिळते; आमच्याकडं पोरींची लग्नं लवकर का उरकतात, याचं एक कारण तिथं आहे.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत मी बागेत आणि ग्रंथालयात काम केलं. पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. त्यांच्याविषयी वाचताना सनावळीपाशी मी थबकलो. 1919 साली रयत शिक्षण संस्था, 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह, आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली. आधी पोरांच्या जेवणाची, अंथरुणाची सोय, कॉलेज त्यानंतर तेवीस वर्षांनी. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिलं. गरिबाच्या पोराला वर्गाआधी घर लागतं, हे त्या दोघांना ठाऊक होतं.

आमच्या पोरांसाठी ही गोष्ट फार उशिरा सुचली. गावच्या शाळेतली हंगामी वसतिगृहं आठवीपर्यंतच्या पोरांना आधार देतात. शिक्षण हक्क कायदाही चौदाव्या वर्षापर्यंतच सोबत करतो. खरी गळती त्यानंतरची, आणि ती बहुतेक पोरींची. 2021 साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना जाहीर केली: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलांचं एक, मुलींचं एक, प्रत्येकी शंभर जागा. भगवानगड आमच्याच तालुक्यात, म्हणून ते नाव ऐकून आमच्या माणसांना भरवसा वाटला. मुलींच्या वसतिगृहात एकही खाट रिकामी राहू नये, यासाठी मी वाडीवाडीवर फिरून सांगत असतो.

अक्काची थोरली पोरगी आता सातवीत आहे. तिचा अर्ज मी भरला. अक्का तयार आहे, दाजीही. पण पोरगी वसतिगृहात राहिली तर तिच्या धाकट्या भावाला फडावर कोण बघणार, असं अक्कानं विचारलं. तिचा प्रश्न बरोबर आहे. फडाजवळ पाळणाघर हवं, आणि ते कारखान्यांनी चालवायला हवं.