योसेमिटीच्या बेताबद्दल चिरंजीवांस



येत्या 4 जुलैच्या जोडसुट्टीत आपल्या वयोवृद्ध मातापित्यांना, म्हणजे दादा व सौ. वहिनी यांना, मोटारीत बसवून, तंबू व शिधा बरोबर घेऊन, कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यान, तेथून टायोगा खिंड, मोनो सरोवर आणि जमल्यास सेकोया असा चार दिवसांचा फेरा करण्याचा जो बेत चिरंजीवांनी कळविला आहे, त्या बेतापेक्षा त्याच्या शेपटाला जोडलेले वाक्यच अधिक अस्वस्थ करणारे आहे. उद्यानात हल्ली फार गर्दी असते, त्यातही आपलेच लोक फार, त्यामुळे पूर्वीची मजा राहिलेली नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे. ज्यांना त्या देशात जाऊन अद्याप एक तपही झालेले नाही त्यांनी पूर्वीच्या मजेचे दाखले द्यावेत, हे अनपेक्षित नसले, तरी सोडून देण्याजोगे खचितच नाही. पृच्छा केवळ 'आईबाबांना झेपेल ना?' एवढीच होती. तिचे उत्तर पुढे येईलच. परंतु आधी या गर्दीचा निकाल लावणे आवश्यक आहे.

योसेमिटीत 'पूर्वी' नेमके काय होते, हे पाहू जाता पहिली गोष्ट अशी दिसते की ते खोरे मुळात निर्जन नव्हते. आवानीची या नावाने ओळखले जाणारे तेथील मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या तेथे वस्ती करून होते. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या मारिपोसा बटालियन या सशस्त्र पथकाने 1851 मध्ये खोऱ्यात शिरून त्यांना हुसकावले, आणि त्यांच्या वंशजांची खोऱ्यातील शेवटची वस्ती तर उद्यानाच्या व्यवस्थापनाने 1969 मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी, जमीनदोस्त केली. 30 जून 1864 रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी हे खोरे व 'मारिपोसा' नावाची महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि सभोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान 1 ऑक्टोबर 1890 रोजी अस्तित्वात आले. या दोहोंमधील 1865 हे वर्ष विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्या वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी खोऱ्याच्या व्यवस्थेविषयी एक अहवाल लिहिला. वर्षाकाठी काहीशे माणसे जेमतेम तेथे पोचत असताना, शंभर वर्षांच्या आत ही संख्या लक्षावधींत मोजावी लागेल आणि एकाने केलेली क्षुल्लक हानीदेखील त्या संख्येने गुणली जाईल, असे त्या गृहस्थाने लिहून ठेवले. तो अहवाल दडपला गेला व 1952 मध्ये छापला गेला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, 1954 मध्ये, वार्षिक प्रवाशांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. अहवाल लिहिणाऱ्यांचे नशीब सर्व देशांत सारखेच असावे.

गर्दीविषयीची तक्रार अशा रीतीने उद्यानाहूनही जुनी ठरते. शिवाय ज्या व्यवस्थापनाने गर्दी आवरावयाची त्यानेच पुष्कळ काळ तेथे जत्रा भरविली, हेही विसरता येत नाही. ग्लेशियर पॉइंट या कड्यावरून रात्री पेटते निखारे खाली लोटून आगीचा धबधबा दाखविण्याचा खेळ जानेवारी 1968 पर्यंत चालू होता, आणि त्याआधी, 1940 पर्यंत, उकिरड्यावर येणाऱ्या अस्वलांना दिव्यांच्या उजेडात खरकटे खाताना पाहण्यासाठी प्रवाशांना आसने मांडून दिली जात. माणसांना बोलावून आणावयाचे आणि मग ती आली म्हणून कपाळाला आठ्या घालावयाच्या, ही वृत्ती चिरंजीवांच्या वाक्यातही आढळते. आपलेच लोक फार असतात याचा अर्थ इतकाच की, ज्यांना दोन पिढ्यांपूर्वी महाबळेश्वरचा खर्चही परवडत नव्हता अशा घरांतील मुले आपल्या आईवडिलांना तेथवर नेऊ लागली आहेत; यात नाक मुरडण्याजोगे काय आहे, हे दादांनाच विचारावे. दादांच्या पहिल्या माथेरानच्या हकिकतीत टाय बांधलेल्या एका गृहस्थाने असेच उद्गार काढले होते, ते त्यांना नक्कीच स्मरत असेल.

वस्तुतः योसेमिटीतील गर्दी माणसांची नसून मोटारींची आहे, आणि हा भेद जोवर ध्यानात येत नाही तोवर तिच्याविषयीची सारी चर्चा व्यर्थ होय. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातील जवळजवळ पंचाण्णव टक्के भूमी 1984 च्या कायद्याने 'वाइल्डरनेस', म्हणजे रस्ते, इमारती व वाहने यांना मज्जाव असलेले रान, म्हणून राखलेली आहे. प्रवाशांचा भार पडतो तो मात्र अकरा-बारा किलोमीटर लांब आणि दीडेक किलोमीटर रुंद अशा एका खोऱ्यावर, जे एकूण उद्यानाच्या एक टक्काही नाही. 2016 मध्ये उद्यानातील प्रवाशांची संख्या पन्नास लाखांवर गेली. एवढी माणसे वर्षभरात पायी वा बसने आली असती, तर खोरे गजबजलेले असते, तुंबलेले नसते. परंतु खोऱ्यात जाणारी वाट दक्षिण काठाने व परतीची उत्तर काठाने, आणि वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरून जातात. मग जागेच्या शोधात तीच मोटार त्याच वर्तुळात पुन्हा फिरते आणि एका कुटुंबाची अनेक कुटुंबांइतकी अडचण होते.

मोटारींची ही सत्ता अपरिहार्य नव्हती, हे तेथील इतिहासच सांगतो. पहिली मोटार 1900 मध्ये खोऱ्यात शिरली, 1907 मध्ये त्यांना बंदी झाली, 1913 मध्ये बंदी उठली. पुढे 4 जुलै 1970 रोजी, म्हणजे चिरंजीवांनी निवडलेल्याच तिथीला, खोऱ्यातील स्टोनमन कुरणात जमलेल्या तरुणांवर रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, घोड्यांवरून चालून गेले व मोठी दंगल उसळली. त्याच उन्हाळ्यात खोऱ्याचा पूर्वेकडील भाग खासगी मोटारींना बंद करून तेथे विनामूल्य शटल, म्हणजे ठरावीक फेऱ्या घालणारी बस, सुरू करण्यात आली. 1980 च्या व्यवस्थापन आराखड्याने तर खोऱ्यातून खासगी मोटारी कालांतराने पूर्णपणे हटविणे हे ध्येय म्हणून लिहून ठेवले. तो आराखडा कुणी रद्द केल्याचा गाजावाजा झाला नाही आणि मोटारीही हटल्या नाहीत.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, जो मोटार सोडून पायी जातो त्याचीच तेथे मोजदाद होते. रानात रात्र काढावयाची तर परवाना लागतो आणि कोणत्या पायवाटेने रोज किती जणांनी निघावे याची मर्यादा 1970 च्या दशकापासून घातलेली आहे. हाफ डोम या अर्धगोलाकार सुळक्याच्या माथ्यावर 1919 मध्ये बसविलेल्या पोलादी दोरांना धरून चढावयाचे, तर हंगामात रोज सुमारे तीनशे जणांनाच आणि तेही सोडतीने अनुमती मिळते. मोटारीवर मात्र अशी मर्यादा 2020 पासूनच्या काही उन्हाळ्यांत आली, मध्येच गेली, पुन्हा आली. नियम वर्षावर्षाला पालटतो, म्हणून यंदाचा नियम उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावा, मित्रांच्या सांगण्यावर विसंबू नये. पायी चालणारा मोजून घ्यावयाचा आणि चारचाकीला रांगेत मोकळे सोडावयाचे, या न्यायाला काय म्हणावे?

म्हणून प्रस्तुत पत्रलेखकाचे मत असे की, मोटार मारिपोसा या पायथ्याच्या गावी ठेवावी, मुक्कामही तेथेच करावा आणि 'यार्ट्स' या नावाने 2000 पासून चालणाऱ्या बसने खोऱ्यात जाऊन आत शटलने हिंडावे. बसमध्ये बसलेल्या वृद्धांना दोन्ही बाजूंचे कडे दिसतात; मोटारीत बसलेल्यांना पुढील मोटारीची पाटी दिसते. चार दिवसांत चार ठिकाणे हा हिशेबच सोडून एल कॅपिटनच्या नऊशे मीटरहून उंच कड्यासमोरच्या कुरणात चटई टाकून दिवसभर बसण्यात कमीपणा मानू नये. दादांना तेच आवडेल, ते बोलून दाखविणार नाहीत.

तथापि तंबूचा हट्ट चिरंजीव सोडणार नाहीत, हे पूर्वानुभवावरून गृहीत धरलेच पाहिजे. तंबूची जागा आरक्षित झाली आहे किंवा नाही याविषयी कळविलेल्या बेतात अवाक्षर नाही, ही सर्वांत मोठी काळजीची बाब आहे. कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकण्यासाठी आखून दिलेल्या जागांचे आवार, खोऱ्यात मोजकीच आहेत. जानेवारी 1997 च्या महापुरात मर्सेड नदीकाठची दोन आवारे गेली ती परत उभी राहिलीच नाहीत, आणि उरलेल्या जागांचे उन्हाळ्यातील आरक्षण कित्येक महिने आधी खुले होताच मिनिटांत संपते. आयत्या वेळी कुठेतरी जागा मिळेल, न मिळाल्यास रस्त्याकडेला मोटारीत झोपू, हा विचार मनात असल्यास तो काढून टाकावा. तसे करणे तेथे नियमबाह्य आहे आणि मध्यरात्री रेंजरने काच ठोठावल्यावर सौ. वहिनींची काय अवस्था होईल, याची कल्पना करवत नाही.

आता अस्वलांविषयी. राज्याच्या ध्वजावर असलेले ग्रिझली जातीचे अस्वल कॅलिफोर्नियातून शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झाले. उरले ते काळे अस्वल, जे रंगाने बहुधा तपकिरी असते, माणसावर सहसा जात नाही, परंतु खाद्याच्या वासावर मोटारीचे दार वाकवून आत शिरते. 1998 या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांचे दीड हजारांहून अधिक प्रकार घडले होते. आता प्रत्येक तंबूजागी लोखंडी पेटी असून खाण्याचे व वासाचे सर्व पदार्थ तिच्यात ठेवून कडी नीट लावणे बंधनकारक आहे; रात्री मोटारीत एक बिस्किटही ठेवता येत नाही. वासाच्या पदार्थांत टूथपेस्ट व साबणही येतात, त्याअर्थी वहिनींची लसणीची चटणी, मेतकूट, दादांच्या गुडघ्याचे तेल आणि वहिनी उशीखाली ठेवतात ती कापराची वडी, हे सर्व पेटीत गेले पाहिजे. वडीबद्दल त्या ऐकणार नाहीत, तरी ऐकवावे. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल धीट होते आणि अखेरीस त्यालाच मारावे लागते, हे सांगितल्यास कदाचित ऐकतील.

मूळ पृच्छेचे उत्तर असे की, खोरे झेपेल, टायोगा झेपणार नाही. खोऱ्याची उंची सुमारे बाराशे मीटर, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहून थोडी कमीच. पण टायोगा खिंड तीन हजार मीटरवर असून वाटेतील टुओलमी कुरणेही महाराष्ट्रातील सर्वोच्च अशा कळसूबाईहून हजारेक मीटर उंच आहेत, आणि तेथे जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरू शकतो. दादांचा रक्तदाब, त्यांचे न सांगता गोळी टाळणे आणि एका दिवसात अठराशे मीटरचा चढ, हे गणित चिरंजीवांनी डॉक्टरांसमोर मांडावे, परस्पर सोडवू नये. नदीत पाय बुडविण्याचा मोहही आवरावा. बर्फ वितळून आलेले ते पाणी वरून संथ दिसते, पण अंगाला बधिर करणारे व ओढीचे असते. जुलै 2011 मध्ये व्हर्नल धबधब्याच्या माथ्याशी कठडा ओलांडून पाण्यात उतरलेले तिघे वाहून गेले. उंदरांचे नाव काढल्यावर चिरंजीव हसतील, परंतु 2012 मध्ये मुख्यतः याच खोऱ्यातील दुहेरी भिंतींच्या तंबूघरांतून उंदरांच्या विष्ठेवाटे पसरणाऱ्या हंटाविषाणूची दहा प्रवाशांना बाधा झाली व त्यांतील तिघे दगावले, हे ऐकून हसू नये. शिवाय वणव्याचा धूर आहेच. 2018 मध्ये त्यापायी भर उन्हाळ्यात खोरे सुमारे तीन आठवडे बंद होते, आणि दादांच्या दम्याविषयी चिरंजीवांच्या पत्रात एक शब्दही नाही.

खोऱ्यात पेट्रोल मिळत नाही, ते बाहेरच भरून घ्यावे. मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून आरक्षणाचे कागद छापून दादांच्या पिशवीत द्यावेत, चिरंजीवांच्या नव्हे. जाताना कोणता रस्ता धरणार, तेही कळविलेले नाही. 120 क्रमांकाच्या रस्त्यावर ग्रोव्हलँडच्या अलीकडे उभा घाट आहे आणि वहिनींना घाटात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. 140 क्रमांकाचा रस्ता मारिपोसावरून मर्सेड नदीच्या काठाकाठाने जातो, तोच धरावा, वहिनींना पुढे बसवावे, आलेपाक हाताशी ठेवावा, आणि तंबूच्या जागेचे काय झाले ते निघण्यापूर्वी उलट टपाली नव्हे, फोनने कळवावे.