वेगापुढे तिघी

खो-खो म्हणजे पळापळ, असे अनेकांना वाटते. ज्याचे पाय जास्त चपळ तो जिंकला, एवढेच. मी उर्दू शाळेत भाषा शिकवते, खेळाची शिक्षिका नाही. पण मुलींच्या संघाबरोबर कुणीतरी बाई हवी म्हणून गेली काही वर्षे नांदेडहून लातूरला जाणे-येणे होते, आणि मैदानाच्या कडेला बसून हा खेळ बराच पाहून झाला आहे. त्यातून एक गोष्ट समजली. वेगवान आक्रमण समोरच्याला दमवते, पण त्याआधी त्याचा विचार करायचा वेळ काढून घेते.

मैदानाचे गणित पाहा. आक्रमण करणाऱ्या नऊ जणी, त्यातल्या आठ पाटीवर बसलेल्या. पळणाऱ्या फक्त तिघी. आक्रमक मुलीला बंधने खूप आहेत. मधली पट्टी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. पळणारीला मात्र सगळे मैदान मोकळे. बसलेल्यांच्या मधून वाटेल तशी ती इकडून तिकडे जाऊ शकते. मग तिघी बाद होतात कशा?

त्या होतात ‘खो’मुळे. प्रत्येक खो बरोबर ताज्या दमाची मुलगी उठते. शेजारी बसलेल्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, त्यामुळे पळणारी ज्या बाजूला सुटली त्याच बाजूला नवी आक्रमक उभी राहते. नऊ जणी दम वाटून घेतात, तिघींना तो एकट्याने पुरवावा लागतो. खो संथ पडत असतील तर पळणारी साखळी खेळते, हूल देते, श्वास घेते. खो पाठोपाठ पडू लागले की तिची साखळी तुटते. ती बघते तोवर दुसरी अंगावर आलेली असते.

तिसरी बाद झाली की नियम आणखी कडक होतो. पुढच्या तिघींनी लगेच, दोन खो पडायच्या आत, मैदानात यायचे असते. बाद झालेल्यांना विचारावे, आपसात ठरवावे, एवढीही सवड नाही. हुशार संघ नेमके याच क्षणी वेग वाढवतात.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही हीच युक्ती गाजली. तिथे प्रत्येक चालीनंतर खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवत. २००९ ते २०१२ या काळात चिप केली प्रशिक्षक असताना ओरेगॉनचा संघ घोळका न करताच पुढची चाल सुरू करी. बचाव करणाऱ्यांना दमलेला गडी बदलायला किंवा एकमेकांना इशारा करायला वेळच मिळत नसे. अंगाने धिप्पाड माणसेही मग चुकीच्या जागी उभी दिसत.

आमच्या मुलींची अडचण अशी की शालेय स्पर्धांच्या विभागीय फेरीत नांदेड, लातूर आणि धाराशिव एकत्र येतात. धाराशिव म्हणजे खो-खोचे घर. भारतीय संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे तिथलीच. तिथल्या मुलींचे खो ऐकले की कळते, हा वेग एका हंगामात येत नाही. त्यामागे रोजचे मैदान असते, आणि घरून मिळालेली मोकळीकही.

एका सामन्यात आमची पहिली तुकडी झटपट बाद झाली. बाहेर आलेली नववीतली मुलगी धापा टाकत म्हणाली, “टीचर, सोचने को टाइमच नई मिला.” सगळा खेळ तिने एका वाक्यात सांगितला.

त्यानंतर आमच्या क्रीडाशिक्षकांनी मुलींना आणखी जोरात पळवले नाही. विचार आधीच करून ठेवायला शिकवले. कोणती तुकडी आत जाताना कोण कुठल्या खांबाकडे जाईल, हे पाठ. आक्रमक मुलीच्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे पाहायचे. तोंड फसवते, खांदा वळला की दिशा ठरली, आणि मग तिला मागे फिरता येत नाही. एकीचा पाठलाग सुरू असताना उरलेल्या दोघींनी हाक मारून तिला सांगायचे. पुढच्या वर्षीही आम्ही हरलोच, पण प्रत्येक तुकडी जास्त वेळ टिकली. नऊ मिनिटांच्या डावात तो फरक डोळ्यांना दिसत होता.

आता खरा प्रश्न. ती नववीतली मुलगी आज दहावीत आहे. तिच्या अब्बूंचे म्हणणे, “खेल हो गया, अब पढ़ाई.” त्यांची काळजी मला समजते. संध्याकाळी उशिरा येणे, परगावचा मुक्काम, मोहल्ल्यातली बोलणी. मी त्यांना एवढेच म्हटले, “भाई, पढ़ाई और खेल में झगड़ा नहीं है. सलवार-ओढणीत किंवा ट्रॅकपँट-स्कार्फमध्ये, जशी तिला बरी वाटेल तशी ती खेळेल. मुक्कामाला मी बरोबर असेन.” त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. नाही असेही म्हटलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. आमच्या मुलींनी तो सामना मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अंगणात चुन्याने पाट्या आखल्या.

आपल्या मुलींपुढेही सगळे निर्णय असेच पाठोपाठ येतात: दहावी, कॉलेज, रिश्ता. एकाचा विचार संपत नाही तोवर दुसरा उभा. विचार आधी करून ठेवायची सवय, आणि बरोबरच्या दोघींनी वेळेवर मारलेली हाक, या दोन गोष्टी मैदान त्यांना देते. घराजवळच्या शाळेत मुलींचा संघ असेल तर असर आणि मगरिबच्या मधला तासभर त्यांना द्या. आणि जमलेच तर एखादे दिवशी स्वतः जाऊन कडेला बसा.