देवाचा पैसा

नाण्यांचा नाद लागलेल्या माणसाकडे शेजारीपाजारी दोनच दृष्टींनीं पाहतात. याच्याजवळ गुप्तधन असावें ही एक दृष्टि, आणि याचें डोकें ठिकाणावर नसावें ही दुसरी. गडहिंग्लजसारख्या गांवांत, जेथें गुळाचा भाव आणि मिरचीचा तिखटपणा हेच बोलण्याचे खरे विषय, तेथें दुसऱ्या मताचे लोक अधिक आहेत. आम्हां पांचसात जणांना त्याचें फारसें वाईट वाटत नाहीं. महिन्यांतून एका रविवारीं एका निवृत्त मास्तरांच्या सोप्यांत आम्ही जमतों. या मेळ्याला नांव नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं. 'मंडळ' म्हणवून घेण्यास जीं भांडणें लागतात तीं अजून आमच्यांत झालेलीं नाहींत. मास्तर स्वतः, एक एस. टी.चे कंडक्टर, एक कापडाचे व्यापारी, पंखे आणि मोटारी दुरुस्त करणारा एक कारागीर, माझ्याच कॉलेजांतला एक विद्यार्थी आणि मी, असा हा परिवार.

नियम एकच. प्रत्येकानें एक नाणें सतरंजीवर ठेवावयाचें आणि तें आपल्या हातीं कसें आलें तें सांगावयाचें. नाण्यापेक्षां हकीकतच पुष्कळदां अधिक मोलाची निघते. कंडक्टरसाहेबांचा भोकाचा पैसा घ्या. १९४३ ते १९४७ या सालांत निघालेला, वॉशरसारखा दिसणारा हा पैसा जुन्या घरांतून पेल्यानें सांपडतो. त्याची किंमत ती काय! परंतु एका म्हातारीनें तिकिटासाठीं कनवटीची पुरचुंडी सोडली तेव्हां चिल्लरीबरोबर तो त्यांच्या तळहातावर पडला. "आजी, हा जुना आहे, जपून ठेवा," असें त्यांनीं सांगितलें. "तुला एवढा आवडलाय तर तूच ठेव," असें म्हणून ती खिडकीबाहेर पाहूं लागली. ही गोष्ट आम्हीं दहा वेळां तरी ऐकली असेल. ती ऐकतांना मी प्रत्येक वेळीं चष्मा पुसावयास घेत असें. त्याचें कारण पुढें येईलच.

आमच्या जिल्ह्याला नाण्यांच्या बाबतींत गरीब म्हणतां येणार नाहीं. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ सालीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन झालें. समुद्रदेव पोसायडनची चिमुकली रोमन मूर्ति तेथलीच. ती कोल्हापुरास टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते. परंतु आम्हां नाणेवेड्यांना ब्रह्मपुरी ठाऊक आहे ती शिशाच्या नाण्यांसाठीं. त्यांवर एका बाजूस धनुष्यबाण आणि वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर अशीं राजांचीं नांवें. हे राजे कोणत्या क्रमानें झाले हें कोणत्याहि ग्रंथांत सांगितलेलें नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें नाण्यांनाच विचारलें. एकाचा छाप दुसऱ्याच्या छापावर मारलेला दिसतो. वरचा तो नंतरचा, हें उघडच आहे. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं निघालीं, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला होता. जिंकणाऱ्यानें एवढा हातोडा चालविला, तरी खालून नहपान डोकावतोच.

आतां माझ्या नाण्याकडे वळतों. तें टाळावें म्हणूनच मी एवढा लांबचा फेरा घेतला, हें चाणाक्ष वाचकांनीं ओळखलेंच असेल.

माझ्याजवळ एक शिवराई आहे, म्हणजे होती. शिवराई हें १६७४ च्या राज्याभिषेकाचें तांब्याचें अपत्य. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति', आणि कडेनें ठिपक्यांचें वर्तुळ. वजन तोळ्याच्या आसपास. महाराजांच्या मागून पुढें दीडदोनशें वर्षें ती पडत आणि चालत राहिली, त्यामुळें तिचे प्रकार असंख्य. कोठें 'शिव', कोठें 'सिव', कोठें 'सीव'. टांकसाळींतल्या कारागिरांना आमच्यासारखे व्याकरण तपासणारे प्राध्यापक भेटले नाहींत हें त्यांचें भाग्य. शिवराई दुर्मिळ मुळींच नव्हे. परंतु ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून एखादें अक्षर कडेबाहेर जावयाचेंच. सगळीं अक्षरें आणि वर्तुळहि पुरतें उतरलेली शिवराई हजारांत एखादी. माझी तशी होती.

ती कोठून आली, असें विचारल्यावर मी वीस वर्षें एकच उत्तर देत आलों: "घरचीच आहे."

ती घरची नव्हती. नुकताच नोकरीस लागलों होतों तेव्हां सुटीच्या दिवशीं सामानगडाकडे पायीं जाण्याची मला हौस होती. १८४४ सालीं गडकऱ्यांनीं बंड केलें तें या गडावर. उतरतांना पायथ्याजवळच्या एका घरीं पाणी मागितलें. घरांतली म्हातारी तांब्याचीं जुनीं भांडीं मोडींत घालावयास काढून बसली होती. देव्हाऱ्यांत टाकांशेजारीं हळदीकुंकवानें माखलेला एक पैसा होता. मीं तो हातांत घेतला, बोटानें पुसला, आणि माझें काळीज लक्कन हाललें.

"गुरुजी, ह्यो लई मोलाचा हाय का?" म्हातारीनें विचारलें.

"जुना तांब्याचा पैसा आहे. आतां चालत नाहीं," मी म्हणालों.

या वाक्यांतला शब्द न् शब्द खरा आहे. मी भाषेचा अध्यापक; खरे शब्द वापरून खोटें कसें बोलावें याचा उत्तम धडा मीं त्या दिवशीं स्वतःलाच दिला. मोडीच्या भावानें जे पैसे झाले असते त्याच्या चौपट मीं तिच्या हातावर ठेवले. वर आपण उदार आहों असेंहि वाटून घेतलें. "देवाचा पैसा हाय, नीट ठेवा," एवढेंच ती म्हणाली. मीं तो नीटच ठेवला.

गेल्या वर्षीं आमच्या विद्यार्थ्यानें एक वही घातली. नाणें, वजन, व्यास, अक्षरें आणि शेवटचा रकाना 'कोठें मिळालें'. माझ्या शिवराईपाशीं येऊन त्यानें लेखणी उचलली. "घरची, म्हणजे गडहिंग्लज लिहूं ना सर?" मी हो म्हणणार होतों. पण नाण्याचें गांव गेलें कीं उरतें तें तांबें. हें मीच त्याला शिकविलें होतें. त्या वहीवर विश्वासून उद्यां कोणी एखादा निष्कर्ष काढील, आणि तेथें खालचा छाप डोकावण्याची सोयसुद्धां नाहीं. मीं तो तोंडानें पुसला होता.

मीं सगळी हकीकत सांगितली. सोप्यांत कोणी कांहीं बोललें नाहीं. कंडक्टरसाहेबांनीं पान जुळवावयास घेतलें. मुलानें गांवाचें नांव विचारलें, तें लिहिलें, आणि "वजन, सर?" म्हणून पुढें गेला. रागावला असता तर बरें वाटलें असतें.

पुढच्या रविवारीं मी त्या गांवीं गेलों. कौलें जाऊन घरावर स्लॅब आला आहे. म्हातारी बारा वर्षांपूर्वींच वारली. सून घरीं होती. तिला मीं शिवराई दाखविली, तिची आजची किंमत सांगितली, विकावयाची झाल्यास कोणाला फसूं नये हेंहि समजाविलें. तिनें तें लक्ष देऊन ऐकलें असें मला वाटलें नाहीं. ती नाण्याकडे पाहत होती.

"आत्याबाई लई दिस हळहळत हुत्या," ती म्हणाली. "देवाचा पैसा गुरुजीस्नी दिला म्हनून."

मग ती आंत गेली आणि चिंचेचा गोळा नि मीठ घेऊन मोरीवर बसली. जुन्या तांब्यावर काळसर तपकिरी रंगाचा जो थर चढतो तो आम्हां संग्राहकांना प्राणांहून प्रिय. तो गेला कीं नाण्याची किंमत निम्म्याहून खालीं येते. चिंच हा शब्द आमच्या बैठकींत शिवीसारखा वापरतात. मी अर्धवट उठलों, तोंड उघडलें, आणि पुन्हां खाटेवर बसलों. तिनें चांगली रगडून रगडून शिवराई घासली, पाण्यानें खळबळली, पदराला पुसली. नव्या पैशासारखी ती लाल झाली होती. टाकांशेजारीं ठेवून तिनें तिच्यावर हळदकुंकू वाहिलें.

"च्या घेनार न्हवं, गुरुजी?" तिनें विचारलें.

मीं घेतला. साखर फार होती.