पणजीचे नाव शोधताना

आमचे मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठचे. पणजोबा बोटीवर खलाशी होते, एवढे घरात सगळ्यांना ठाऊक. पण पणजीचे नाव विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचा. अखेर ते शोधायचेच, या इराद्याने आम्ही घरातली चौघे मुंबईच्या फोर्ट भागात गेलो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. तिथली करीमी लायब्ररी उर्दू, फारसी, अरबी ग्रंथांसाठी नावाजलेली. उर्दू वाचणारे भाईजान तिथेच रमले. बाकीचे आम्ही हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये गेलो. १८३३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या दगडी पायऱ्या चढताना अम्मींना दम लागला, पण वर पुस्तकांची कपाटे पाहून त्या थकवा विसरल्या.

तिथे आम्ही १८८० साली छापलेले रत्नागिरी जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर मागितले. त्यात बंदरे, पिके, व्यापार, कोकणी मुसलमानांचे व्यवसाय अशी बरीच माहिती मिळते. बहामनी आणि आदिलशाही अमलात दाभोळ केवढे मोठे बंदर होते, हेही कळते. जे आजवर फक्त दादीच्या तोंडून ऐकले होते, ते छापील पानावर वाचताना ऊर भरून आला. हे जुने गॅझेटियर आता शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्याही वाचता येते.

तिथून चालत आम्ही काळा घोड्याला, एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पोहोचलो. इथली दप्तरे खानदानाच्या नावाने लावलेली नसतात. ती खात्यांप्रमाणे आणि सालाप्रमाणे असतात. म्हणून गाव, तालुका आणि अंदाजे साल घरूनच लिहून न्यावे.

गावाचा इतिहास मिळाला, पण पणजी काही सापडली नाही. ती सापडली दापोलीला, जमिनीच्या जुन्या फेरफारात. नोंद मोडीत होती. गावच्या निवृत्त मास्तरांनी ती वाचून दाखवली. पणजोबांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून बायको, तीन मुलगे आणि दोन मुली, अशी सगळी नावे होती. पुढच्याच नोंदीत दोन्ही मुलींनी हक्क सोडल्याचे लिहिले होते. खाली दोन अंगठे.

आम्ही सगळे गप्प झालो. सूरह निसामध्ये मुलींचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिला आहे. तरी त्या दोघी आधी सातबाऱ्यावरून गेल्या, मग घराच्या आठवणीतूनही गेल्या. त्या आमच्या दादांच्या सख्ख्या बहिणी, पण त्यांची मुले-नातवंडे कुठे आहेत, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना.

परतताना दाभोळच्या धक्क्याजवळच्या शाही मशिदीत थांबलो. ही मशीद विजापूरच्या शाही घराण्यातल्या एका बीबीने बांधवली, असे तिथले लोक सांगतात. तिची आठवण गावाने दगडात जपली. आपल्या फुफींची आपण निदान वहीत तरी जपावी.

वाचकहो, सुरुवात घरातूनच करा. निकाहनामे, जुनी पत्रे, पासपोर्ट बाहेर काढा. निकाहनाम्यात दुल्हनचे आणि तिच्या वडिलांचे नाव असते. जमातीच्या किंवा काझींच्या जुन्या निकाह-रजिस्टरांची चौकशी करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसून माहेरची नावे लिहून घ्या, मग ग्रंथालयात जा. आम्ही आता त्या दोन फुफींच्या औलादीचा शोध घेत आहोत. भेटल्या तर जमिनीचा विषयही निघेल, आणि तो निघालाच पाहिजे.