"बाबा, हेल्मेट सैल आहे"

मागच्या महिन्यात एका रविवारी माझ्या मुलाच्या भुवईवर सहा टाके पडले. तेव्हापासून हे लिहायचं होतं. पण रागात लिहिलं की राग भलत्याच माणसावर निघतो, म्हणून थांबलो. आता टाके निघालेत, राग उतरलाय आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही कळलंय. पहिला नंबर माझाच लागतो.

घडलं ते असं. आपल्या नाशकातच १४ वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. सीझन बॉल, मॅटिंगची विकेट. मैदान कुठलं ते लिहीत नाही, कारण बाकीच्या मैदानांवरही हेच चालतं. टीमच्या किटबॅगेत दोन हेल्मेटं. एकाचा हनुवटीचा पट्टा तुटलेला, नाडीने बांधलेला. दुसरं मोठ्या माणसाच्या मापाचं, जाळीचा एक स्क्रू गायब. पोरगा ओपनिंगला. ते मोठं हेल्मेट डोक्यावर ठेवून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबा, सैल आहे. हलतंय."

मी खिशातला रुमाल काढला, घडी करून आत कोंबला, पट्टा आवळला आणि म्हणालो, "होतंय रे. जा. आम्ही टोपीवर खेळलोय."

तिसऱ्याच ओव्हरला एक चेंडू मॅटच्या जोडावर पडून अंगावर उसळला. त्याने मान वळवली. डोकं वळलं, पण हेल्मेट तेवढं वळलं नाही. चेंडू वरची कड आणि जाळी यांच्यामधून आत घुसला. "बोटभर खाली असता तर डोळ्यावर होता," असं टाके घालताना डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा त्याचा हात धरून उभा होतो आणि माझ्या खिशात तोच रुमाल होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की पुढच्या उन्हाळी स्पर्धेपासून चांगलं हेल्मेट सक्तीचं करूया. पहिलं उत्तर आलं, "गावसकर कुठे हेल्मेट घालायचे?" दुसरं, "आजकालची पोरं नाजूक झालीत." तिसरं होतं नुसतं हसणाऱ्या तोंडाचं. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षांपूर्वी आमच्या क्लबात एक जण स्वतःचं हेल्मेट घेऊन आला होता, तेव्हा "स्कूटर कुठे लावलीस?" असं विचारून त्याला हैराण करणारा मीच होतो.

म्हणून आधी गावसकरांबद्दल बोलू. ते हेल्मेट घालत नसत हे खरं. १९७१ साली पहिल्याच मालिकेत वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी ७७४ धावा केल्या, तेव्हा हेल्मेट हा प्रकारच मैदानात आलेला नव्हता. पुढे आला तरी त्यांनी घातलं नाही. त्याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, आणि ते मर्दानगीचं नाही. रात्री पुस्तक वाचता वाचता झोप लागायची सवय, त्यामुळे मानेचे स्नायू कमकुवत, जड हेल्मेट घातलं तर मान पटकन हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८३ च्या दौऱ्यात गयानामध्ये माल्कम मार्शलचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. त्या डावात ते १४७ धावांवर नाबाद राहिले. हा किस्सा आपण कॉलर ताठ करून सांगतो. पण त्यानंतर गावसकर टोपीखाली डोक्याला संरक्षक कवच घालून खेळू लागले, हा भाग सांगायचा राहून जातो. ज्यांच्या नावाने आपण मुलांना बोडक्या डोक्याने पाठवतो, त्यांनीही शेवटी डोकं झाकलं.

आणि गावसकर एकच होते. त्याच पिढीतल्या बाकीच्यांचं काय झालं?

१९७६, किंगस्टन, सबिना पार्क. होल्डिंगचा चेंडू अंशुमन गायकवाड यांच्या कानावर बसला. ८१ धावांवर खेळत होते, थेट रुग्णालयात गेले. कानाचा पडदा फाटला. ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू लागला, विश्वनाथ यांचं बोट मोडलं. दुसऱ्या डावात ९७ धावांवर आपले पाच जण बाद झाले आणि उरलेले पाच फलंदाजीला उतरलेच नाहीत. १९८१ ला सिडनीत आपला संदीप पाटील ६५ वर असताना लेन पास्कोच्या चेंडूने मैदानात कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पुढच्याच कसोटीत अॅडलेडला त्याने १७४ मारल्या. त्या १७४ आपल्याला तोंडपाठ आहेत. सिडनीचा तो चेंडू मात्र कानाऐवजी कानशिलावर बसला असता तर अॅडलेड आलंच नसतं, हा विचार आपण करत नाही. वाचलेल्या माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते.

नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट तेवढी सोपी नाही. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा कर्णधार, वय २८. चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याच्या बाजूला लागला आणि कवटी फुटली. शस्त्रक्रिया करावी लागली, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. रक्त लागलं तेव्हा वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी दिलं, चंदू बोर्डे यांनी दिलं, पॉली उम्रीगर यांनी दिलं. आणि आपल्या नाशिकमध्ये जन्मलेल्या बापू नाडकर्णी यांनी दिलं. सलग २१ निर्धाव षटकं टाकणारे म्हणून बापूंना सगळे ओळखतात. मला या रक्तासाठी ते जास्त जवळचे वाटतात. कॉन्ट्रॅक्टर वाचले, जिद्दीने प्रथम श्रेणीचं क्रिकेट पुन्हा खेळलेही, पण कसोटी पुन्हा खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये काढली. एका चेंडूचा हिशोब साठ वर्षं चालला.

तेव्हा हेल्मेट नव्हतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. आज ते दुकानात टांगलेलं असतं. हा फरक आहे.

आता समोरच्या बाजूचं जे पटण्यासारखं आहे तेही लिहितो. एक म्हणजे, हेल्मेटमुळे पोरं चेंडूवरची नजर काढतात. डोकं झाकलेलं आहे म्हणून मान खाली घालून बॅट फिरवतात. हे मी नेटमध्ये रोज बघतो. जुनी माणसं चेंडू नाकासमोरून जाईपर्यंत बघायची, कारण न बघून चालणारच नव्हतं. दुसरं, आपला मे महिना. दुपारी एक वाजता त्या डब्यात डोकं घालून उभं राहणं ही शिक्षाच आहे. तिसरं, हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नाही. फिल ह्यूजने हेल्मेट घातलेलं होतं. नोव्हेंबर २०१४, सिडनी, ६३ वर नाबाद. हुक मारताना चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला. दोन दिवसांनी तो गेला. तीन दिवसांनी २६ वर्षांचा होणार होता.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? नजर काढत असेल तर नजर ठेवायला शिकवा. ते कोचचं काम आहे, आणि ते काम आपण चेंडूवर सोपवू शकत नाही. उन्हाचा त्रास होत असेल तर मुलांच्या मॅच सकाळी सातला सुरू करा, ड्रिंक्स वाढवा. आणि ह्यूज गेल्यावर ऑस्ट्रेलियाने हेल्मेट काढून टाकलं नाही. हेल्मेटच्या मागे मान झाकणारा गार्ड आला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्या वरच्या पातळीच्या क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीसमोर तो सक्तीचा झाला. आयसीसीनेही जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत तीन जणांना हेल्मेट सक्तीचं केलं: वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, स्टंपजवळ उभा राहणारा कीपर आणि फलंदाजाच्या पुढ्यात जवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक.

हा तिसरा मुद्दा आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच नसतो. रमण लांबा आठवतात? फेब्रुवारी १९९८, ढाका, क्लबचा सामना. ओव्हरचे दोन-तीन चेंडूच उरले होते म्हणून हेल्मेट न मागवता शॉर्ट लेगला उभे राहिले. फटका डोक्याला लागला. तिसऱ्या दिवशी गेले. वय ३८. आपल्या मॅचमध्ये शॉर्ट लेगला कोण उभं असतं? टीममधलं सगळ्यात लहान पोरगं. बोडक्या डोक्याने.

ज्या देशाच्या सोळा वर्षांच्या सचिनने १९८९ मध्ये सियालकोटला जाळी नसलेल्या हेल्मेटमध्ये वकारचा चेंडू नाकावर घेतला, त्या देशात आपण ते रक्त आठवतो, ५७ धावा आठवतो आणि टाळ्या वाजवतो. जाळी असती तर रक्त आलंच नसतं आणि ५७ धावा तशाच राहिल्या असत्या. धाडस त्या धावांत होतं. तेच सचिन २०२० मध्ये जाहीरपणे म्हणाले, की व्यावसायिक क्रिकेटमध्ये फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं करा, गोलंदाज वेगवान असो की फिरकी.

पॅड बांधताना कुणाला आपण भित्रे वाटत नाही. एल गार्डशिवाय कुणी उतरत नाही. फक्त डोकं झाकायचं म्हटलं की मर्दानगी आडवी येते. आणि खरं सांगू का, पोरांच्या बाबतीत तो प्रश्न मर्दानगीचाही नाही, पैशांचा आहे. मर्दानगी हे त्यावर घातलेलं पांघरूण आहे. मुलाला दहा-बारा हजारांची इंग्लिश विलोची बॅट घेऊन देणारे बाप मी बघतो, मीही त्यातलाच. दोन-तीन हजारांत बऱ्यापैकी हेल्मेट येतं, ते मात्र "टीमकडे असतंय की" म्हणून राहतं. स्पर्धा भरवणारे चौकात नेत्यांचे फ्लेक्स लावतात, बक्षीस समारंभाला साउंड लावतात, ट्रॉफी पोराच्या कमरेएवढी असते. त्या पैशांतून प्रत्येक टीमला चार हेल्मेटं आली असती.

आणि नुसतं "सक्ती" म्हणूनही भागणार नाही. २०२१ मध्ये आपल्या शहरात "नो हेल्मेट, नो पेट्रोल" सुरू झालं तेव्हा शेजारच्या गाडीवाल्याचं हेल्मेट दोन मिनिटं डोक्यावर ठेवून पेट्रोल भरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझ्या पोराच्या डोक्यावर त्या रविवारी तेच होतं. नियमापुरतं हेल्मेट. अंपायरने बघितलं, हेल्मेट आहे, खेळ सुरू.

म्हणून उन्हाळी स्पर्धेच्या समितीकडे चार गोष्टी लेखी दिल्या आहेत. इथेही देतो.

एक, १६ वर्षांखालच्या कुठल्याही सामन्यात फलंदाज, स्टंपजवळचा कीपर आणि जवळचे क्षेत्ररक्षक हेल्मेटशिवाय नाहीत. जास्तीची हेल्मेटं नसतील तर शॉर्ट लेग ठेवायचा नाही. विकेट एखादी कमी मिळेल.

दोन, प्रत्येक टीमकडे लहान, मध्यम आणि मोठं अशी मापं. टॉसच्या आधी अंपायरने पट्टा ओढून बघायचा, आणि वरची कड व जाळी यांच्यामधून चेंडू जातो का तेही बघायचं. गेला तर ते हेल्मेट बाद. याला मिनिटभरही लागत नाही.

तीन, डोक्याला चेंडू लागला की तो मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, बदली खेळाडू मिळेल. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मेंदूला धक्का बसला तर २०१९ पासून बदली मिळतो. आपल्याकडे मात्र "पाणी मार, काही नाही झालं, खेळ" हेच औषध चालतं.

चार, याचा खर्च आयोजकांनी करायचा. फ्लेक्स कमी करून. वर्गणी लागली तर पहिली माझी.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच कळवतो, होकार असो की नकार.

पोरगा परवा पुन्हा नेटला गेला. आधी आम्ही दुकानात गेलो होतो. तिथे त्याने हेल्मेट डोक्यावर घालून मान दोन्हीकडे झटकली. मग दुकानदाराकडून एक चेंडू मागून घेतला आणि जाळीच्या फटीतून आत ढकलायचा प्रयत्न केला. चेंडू अडकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे होतंय." माझाच शब्द होता, मला परत दिला.

एक विनंती. ही पोस्ट वाचून "माझ्याकडे जुनं हेल्मेट पडून आहे, नेऊन द्या" असे मेसेज येतील, आणि भावना चांगलीच असेल. पण त्याला आधी जोराचा चेंडू लागलेला असेल, जाळी वाकलेली असेल, आतला फोम बसलेला असेल, तर ते कुठल्याही पोराला देऊ नका. फेकून द्या. दिलंत तर घालणाऱ्याला वाटेल आपलं डोकं झाकलेलं आहे. मलाही तसंच वाटलं होतं.