धुऱ्यावरून सुरू होणारा अर्ज

वारंगा फाटा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली

चि. माई,

तुझ्या अर्जाच्या निबंधाचा मसुदा मिळाला. मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात, म्हणून फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. समोरच्या हॉटेलात खिचडी-भज्यांची प्लेट येईपर्यंत एकदा वाचला आणि ती संपल्यावर पुन्हा एकदा. इंग्रजी सफाईदार आहे. पहिल्या पानावर युक्रेन आहे, गाझा आहे, सुदान आहे. वारंगा मात्र फक्त पत्त्याच्या रकान्यात आहे. संघर्ष निराकरणात एम. ए. करायला निघालेल्या मुलीनं आपलं गाव पत्त्यापुरतं ठेवावं, हे मनाला लागलं. म्हणून हे लांबलेलं पत्र.

नांदेड-अर्धापूरकडून आलेला रस्ता आपल्या फाट्यावर फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळला. एसटीची वाट बघत इथं तासभर बसलेल्या माणसाच्या कानावर तहसीलची तारीख, मोजणीचा अर्ज, रखडलेलं वाटणीपत्र, भावकीतला अबोला यांतलं काही ना काही पडतंच. निवड समितीला जे ऐकायचं असतं, ते इथल्या बाकड्यावर रोज बोललं जातं.

गेल्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण सांगतो. दोन चुलतभाऊ, दोघांच्या रानांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध. थोरल्याला धुऱ्यावरून ट्रॅक्टर न्यायला रस्ता हवा होता, कारण हळद निघाली की ती डोक्यावर वाहून आणायला आता मजूर मिळत नाहीत. धाकटा वीतभर जागा सोडायला तयार नव्हता. तीन वर्षांत दोनदा मोजणी झाली, खुणेचा दगड एकदा उपटला गेला, एकदा ठाण्यापर्यंत जाणं झालं. पोळ्याला एकमेकांच्या दारावरून बैल नेणंही बंद झालं. गावच्या तंटामुक्ती समितीची माणसं पारावर बसली, तेव्हाही दोघं तेच बोलत होते: एक म्हणे रस्ता द्या, दुसरा म्हणे देणार नाही. मग धाकट्याची आई, इतका वेळ खांबाआड उभी असलेली, पुढं आली. म्हणाली, "त्यांचं रान उंचावर. पाऊस झाला की पाणी आमच्या हळदीत उतरतं, कंद सडतो. धुरा हाय तोवर थोडं तरी अडतं. तो फोडला तर आमच्याकडं काय ऱ्हाईल?"

पाण्याचं कोणी विचारलंच नव्हतं. सगळे रस्त्यावरच भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण रानात गेले. उतार पाहिला. थोरल्यानं आपल्या बाजूनं चर खोदून पाणी ओढ्याला काढून द्यायचं आणि धाकट्यानं धुऱ्यालगत ट्रॅक्टरपुरता रस्ता सोडायचा, असं ठरलं. कागद झाला, सह्या झाल्या. त्या माउलीचा अंगठा पहिला. महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहेच. तो वापरला असता तर थोरल्याला रस्ता मिळाला असता, धाकट्याची हळद मात्र सडतच राहिली असती.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी या हार्वर्डच्या दोघांनी 1981 साली वाटाघाटींवर एक पुस्तक लिहिलं. जगभरच्या अभ्यासक्रमांत ते आजही लावलेलं असतं. त्याचा गाभा हाच आहे: माणूस तोंडानं जी मागणी करतो, तिच्यामागची गरज वेगळी असते, आणि तोडगा त्या गरजेत सापडतो. अर्ज करणाऱ्या मुलीनं हे तत्त्व नुसतं उद्धृत केलं तर शेकडो अर्जांतला तो एक अर्ज होईल. तिनं त्या माउलीचं बोलणं लिहिलं, तर वाचणारा थांबेल.

तुझ्या मसुद्यात असंही वाक्य आहे की भारताच्या ग्रामीण भागात तंटे सोडवण्याची आधुनिक पद्धत अजून रुजलेली नाही. हे वाक्य काढ. आपल्याकडं वाद मिटवायला गोतसभा होती, मजालस होती. तिथला निवाडा महजरात लिहिला जाई आणि त्यावर गावच्या पाटलापासून बलुतेदारांपर्यंत सगळ्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याचीही साक्ष कागदावर उमटत होती. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेला ग्रंथ 1953 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात तो नक्की असेल. वाचून घे. त्या सभांत जातीची उतरंड होती, बाईला जागा नव्हती, हेही त्यासोबत लिहायला विसरू नकोस. पुढं इंग्रजी अमलात, 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर, 1879 चा शेतकरी कायदा आला. सावकाराला दाव्याआधी सलोखा करणाऱ्यापुढं जायला त्यात भाग पाडलं होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं लवाद कोर्टं चालवली तीही त्याच काळात. आपला भाग तेव्हा निजामाकडं असल्यानं हा कायदा इथवर आला नाही, पण विषयाची मुळं मराठी मुलखात किती खोल आहेत ते यावरून कळतं.

आता अलीकडचं. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी तंट्यांची नोंद ठेवायची, ते सामोपचारानं मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येनुसार बक्षीस. बक्षिसानं उत्साह आला आणि काही ठिकाणी घाईही आली. नोंदवहीत तंटा मिटला, घरात तसाच राहिला, असंही झालं. 2023 च्या जानेवारीत राज्य सरकारनं सलोखा योजना आणली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान 12 वर्षं चालत आलेलं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. दोघांचीही मनं राजी असूनही शुल्काच्या धास्तीनं कागद होत नव्हता, अशी घरं आपल्या भागात आहेत. त्यांच्यापुढची अडचण शेवटी दोन हजार रुपयांत सुटली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये देशाचा मध्यस्थी कायदा झाला. शेजारपाजारची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी त्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे: दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तीन मध्यस्थ. तिथं झालेल्या समझोत्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ मात्र नाही. तो टिकतो तो माणसांच्या शब्दावर. असा शब्द कशानं टिकतो, हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि वारंग्याच्या मुलीनं विचारावा असा आहे.

माई, एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. सगळे वाद तडजोडीचे नसतात. बाईवर हात उचलला गेला, जातीवरून कुणाला पाणवठ्यावर अडवलं, तर तिथं पारावर बसून समजूत घालणं म्हणजे दुबळ्यालाच गप्प बसवणं. फौजदारी खटल्यांचे विषय मध्यस्थी कायद्यानंही बहुतांशी बाहेर ठेवले आहेत. मराठवाड्यानं तर हे फार मोठी किंमत देऊन पाहिलं. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि लगेच गावोगावी दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड, परभणी जिल्ह्यांतल्या घरांनी ते भोगलं. आपली हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नाव लागलं ते 14 जानेवारी 1994 रोजी, तेही नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं लागली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. तुझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर त्याचंच नाव आहे. असा इतिहास पाठीशी असलेल्या मुलीच्या निबंधात त्याची एक ओळही नसावी?

योहान गाल्टुंग हे नाव तू लिहिलंस ते योग्यच. नॉर्वेच्या या माणसानं 1955 साली आर्ने नेस यांच्याबरोबर गांधीजींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिलं, 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधनाची संस्था उभी केली आणि 1969 मध्ये रचनेतच भरलेल्या हिंसेची संकल्पना मांडली. कोणी मारत नाही, तरी माणूस उपाशी राहतो, शाळेबाहेर राहतो, ती हिंसा. हे वाचताना गावकुसाबाहेरची वस्ती डोळ्यांपुढं आली नाही, तर वाचन अपुरं राहिलं असं समज.

शिकायला जायचं कुठं, याचाही विचार कर. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला 1973 पासून शांतता अभ्यासाचा विभाग आहे. पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल स्वतः युद्धांत मध्यस्थी करणारे. अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात 1981 साली केंद्र सुरू झालं, आता त्याचं विद्यालय झालं असून त्याला कार्टर दांपत्याचं नाव आहे. आपल्या देशात दिल्लीच्या जामिया मिलियात नेल्सन मंडेला केंद्र आहे, बनारस हिंदू विद्यापीठात मालवीय केंद्र आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या गुवाहाटी परिसरात हा विषय शिकवतात. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये रोटरीचं शांतता केंद्रही झालं आहे. परदेशच हवा असा हट्ट नको. ईशान्येतले संघर्ष गुवाहाटीत बसून जितके कळतील तितके लंडनला कळणार नाहीत.

पैशांचं बोलायचं तर ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो; त्यात स्वयंसेवी कामही धरतात. शिक्षण झालं की दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. रोटरीच्या एम. ए. शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव हवा. गावच्या समितीच्या बैठकांची तू लिहिलेली इतिवृत्तं, महिला बचत गटातलं काम, यांचे तास आजपासून वहीत मांडून ठेव. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्यानं तुझं काम डोळ्यांनी पाहिलं त्याच्याकडून घे.

आपल्यासारख्यांना हे जमतं का, ही शंका तुझ्या पत्रात दोनदा आहे. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, टाटा संस्थेत ग्रामीण विकास शिकले, 2021 मध्ये चेव्हनिंगवर लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्याआधीच त्यांनी एकलव्य ही संस्था उभी केली होती. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलांना अर्ज कसा लिहायचा, निबंध कसा मांडायचा हेच ती शिकवते. त्यांचा बुलढाणा जिल्हा आपल्यापासून फार लांब नाही.

तर मसुदा बाजूला ठेव आणि पहिला परिच्छेद नव्यानं लिही. मराठीत लिही, इंग्रजी नंतर कर. त्यात धुरा असू दे, ती माउली असू दे, तिनं सांगितलेलं पाणी असू दे. युक्रेन, गाझा दुसऱ्या पानावर आले तरी चालतील. आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला ये. यंदा नवी समिती निवडायची आहे, आणि त्या माउलीनं तिच्यात असावं असं सुचवायला गावात एकीचा तरी आवाज हवा.

तुझा,
मामा