उद आणि मोह

अरबी अत्तर म्हणजे उद, गुलाब, केशर, कस्तुरी. जळक्या साखरेचा गोडवा त्यात अलीकडे शिरला. १९९२ च्या ‘एंजल’ने एथिल माल्टॉल गाजवलं, मग आखातानेही ते उचललं.

आमच्या नवेगावबांधकडे तसलाच गोडवा चैतात झाडाखाली पडतो, फुकट. पहाटे मोहफुलं वेचायची, अंगणात वाळवायची. मनुकांसारखा वास कपड्यांत मुरायचा. गोंदियाच्या वसतिगृहात मुली विचारायच्या, “घरी दारू गाळता का?” मी पेटीत कापूर ठेवू लागले.

परवा भावाने दुबईहून कुपी आणली. आईने हुंगली. “बाप्पा, हा तं मोहाचाच वास!” किंमत ऐकून ती हसतच सुटली. मी दोन थेंब मनगटाला लावले नि ऑफिसला गेले. तिथे सगळ्यांनी नाव विचारलं.